आमचं गायरान: वर्षभर काय दिसतं, काय उगवतं, काय जपायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात आमचं गाव आहे. गावठाण संपलं की चढाला गायरान लागतं आणि त्याच्या पलीकडे वनखात्याची जमीन. सकाळी जनावरं घेऊन निघणारे, पुण्याहून कॅमेरे घेऊन येणारे, शाळेतले गुरुजी, नव्यानं निवडून आलेले पंचायत सदस्य असे सगळे फिरून फिरून तेच विचारतात. म्हणून एकदा बसून उत्तरं लिहून काढली. गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. त्याचं कारण लांडग्याच्या प्रश्नात येईल.

गायरान म्हणजे पडीक जमीनच ना?

नाही. हा शब्द आम्हाला लागतो. सरकारी कागदांत आणि नकाशांत माळरानांवर वर्षानुवर्षं 'पडीक' असा शिक्का बसला आणि तो लोकांच्या तोंडीही रुळला. गायरान ही गावच्या गुरांच्या चराईसाठी राखून ठेवलेली सरकारी जमीन. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ मध्ये अशा राखीव जमिनींची तरतूद आहे.

आमच्याकडे पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. वीतभर माती, खाली मुरूम. अशा जागी निसर्गानं जे उभं करायचं ते केलेलं आहे: गवत, मधूनच हिवर, बाभूळ, बोर, तरवड, नेपती, हेकळ. हे जंगल व्हायचं राहून गेलेलं रान नव्हे, हे मुळातच माळरान आहे. मार्चमध्ये वरचं सगळं वाळून पिवळं पडतं तेव्हा लोकांना वाटतं इथं काही नाही. पण गवताचा जीव मुळांत असतो. वळवाची एक सर पडली की चार दिवसांत तळाशी हिरवे कोंब दिसतात.

एवढी मोकळी जागा आहे, मग झाडं का लावत नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणारा माणूस बहुतेक वेळा चांगल्या मनाचा असतो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं आमच्या गायरानावर रोपं लावली. जेसीबीनं खड्डे काढले, गिरिपुष्प आणि सुबाभूळ आणली, फोटो झाले, नारळ फुटला. मीही त्या दिवशी फावडं घेऊन उभा होतो, मनापासून. पहिल्या उन्हाळ्यात टँकरनं पाणी घातलं, दुसऱ्या उन्हाळ्यात टँकर आला नाही. बहुतेक रोपं गेली. पण खरं नुकसान रोपांचं नव्हतं. खड्ड्यांतून निघालेला मुरूम ज्या ज्या जागी पडला तिथली पवन्या आणि मारवेल ही चांगली गवतं मेली, आणि त्या उघड्या मातीत पुढच्या पावसाळ्यात गाजरगवत आलं. ती पट्टी अजून सावरलेली नाही. त्या भागात दरवर्षी अंडी घालणारी धाविक पक्ष्याची जोडीही मला पुन्हा तिथं दिसली नाही.

उघड्या रानातले पक्षी जमिनीवर अंडी घालतात. चारही बाजूंनी दूरवर दिसणं हेच त्यांचं संरक्षण. त्यांच्यामध्ये उंच झाडांच्या रांगा उभ्या केल्या की कावळे आणि शिकारी पक्ष्यांना बसायला जागा मिळते, आणि अंडी-पिल्लं टिकत नाहीत. चिंकाऱ्याचंही तसंच, धोका लांबून दिसला तरच त्याचं पळणं कामाचं.

झाडं जरूर लावा. गावठाणात, शाळेभोवती, रस्त्याकडेला, बांधावर, ओढ्याच्या काठी. कडुलिंब, करंज, चिंच, वड लावा. आम्हीही लावतो. माळावर मात्र जे आपसूक उगवलंय तेवढंच राहू द्या.

वर्षभरात केव्हा काय दिसतं?

आम्ही महिन्यांपेक्षा नक्षत्रांनी मोजतो, म्हणून तसंच सांगतो.

रोहिणी आणि मृग. मेअखेरीस वळीव झाला की पहिला बदल रंगात नाही, आवाजात कळतो. संध्याकाळी रातव्याची टकटक वाढते, डबक्यात बेडूक लागतात, वारुळांतून पंखवाल्या मुंग्या, म्हणजे वाळवी, उधळते आणि तिच्यावर कोतवाल, वेडे राघू, गायबगळे तुटून पडतात. मग एका सकाळी ओल्या मातीवर लाल मखमलीचे ठिपके चालायला लागतात. हा मृगाचा किडा. पाय मोजाल तर आठ भरतील, म्हणजे तो खरा कीटक नाही, कोळ्यांच्या गोतातला आहे. वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीखाली असतो आणि पहिल्या पावसाबरोबर काही दिवसच वर येतो. आमच्या लहानपणी आम्ही तो काडेपेटीत भरायचो. आता मुलांना तळहातावर चालू द्यायला सांगतो आणि खाली सोडायला लावतो.

आर्द्रा ते आश्लेषा (जूनअखेर ते ऑगस्टचा मध्य). हरळी आधी, मग बाकीचं गवत. सराट्याची पिवळी फुलं जमिनीला चिकटून येतात. कोकणाकडून परतलेले मेंढ्यांचे वाडे, म्हणजे धनगरांचे फिरते तळ, या दिवसांत माळावर असतात. चंडोल याच काळात पाहावा: गाता गाता सरळ वर चढतो, दिसेनासा होतो आणि दगड टाकावा तसा खाली येतो.

मघा ते उत्तरा (ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरअखेर). गवत गुडघ्याला लागतं. कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, तेरडा, ओढ्याकडच्या झुडपांवर कळलावी. कळलावीची फुलं फार देखणी, पण कंद जहाल विषारी. मुलांना हात लावू देऊ नका. भोरड्यांचे थवे येऊ लागतात. मध्य आशियाकडून येणारे हे पाहुणे पुढे ज्वारीवर बसणार म्हणून शेतकरी गोफण शोधतो, पण माळावर ते नाकतोडेही फस्त करतात.

हस्त, चित्रा, स्वाती (सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरची सुरुवात). नवरात्राच्या सुमारास तरवड पिवळाधमक फुललेला असतो. गवताला तुरे येतात, कुसळ पिकतं. आणि भोवत्या येतात. कझाकस्तान आणि त्या बाजूच्या गवताळ मुलखातून हे शिकारी पक्षी थंडी काढायला दख्खनच्या माळांवर उतरतात. गवतावरून हातभर उंचीनं, पंख किंचित वर उचलून, जमीन विंचरल्यासारखे उडतात. रात्री ते झाडावर नाही, गवतात जमिनीवरच मुक्काम करतात. एकाच जागी अनेक. सूर्य बुडायच्या आधी अर्धा तास लांब बांधावर गप्प बसलात तर एकेक करून खाली उतरताना दिसतील. माझ्या मते आमच्या गायरानावरचा हा सगळ्यात देखणा अर्धा तास आहे.

थंडी. बोरं पिकतात. ती माणसं खातात, शेळ्या खातात आणि खोकडही खातं. त्याच्या विष्ठेत बिया सापडतात. लांडग्याची पिल्लं याच दिवसांत बिळात असतात.

उन्हाळा. पळस आणि नेपती लाल होतात. मार्चपासून दगडादगडावर सरड्यांचे नर दिसतात. गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या सरड्यांच्या एका गटाला नवं शास्त्रीय नाव दिलं ते 'सरडा' असंच, आपल्या मराठी शब्दावरून. गुरं राखणारा पोर जे नाव घेतो तेच आता जगभरच्या पुस्तकांत आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. शेळ्यांना या दिवसांत बाभळीच्या आणि हिवराच्या शेंगांचा मोठा आधार असतो.

कोणतं गवत कशाला म्हणतात? सगळी सारखीच दिसतात.

सुरुवातीला तसंच वाटतं. ज्यांची जनावरं आहेत त्यांना विचारा, ते पायाखालच्या गवतावरून सांगतात. पवन्या आणि मारवेल ही चांगली गवतं. जनावर ती आधी शोधतं, म्हणून जास्त चराई झाली की तीच आधी कमी होतात. कुसळी कोवळी असेपर्यंत जनावर खातं, पिकली की तोंड लावत नाही, कारण तिचं टोकदार बी तोंडात आणि मेंढीच्या लोकरीत रुततं. ओलीच्या जागी हरळी. माळावर पवन्या भरपूर असेल तर माळ बरा आहे असं समजा. नुसती कुसळी आणि तरवड उरला असेल तर त्याला विसावा हवा आहे.

नको असलेल्यांत दोन मुख्य. गाजरगवत, ज्याची १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंद झाली आणि जे तिथून देशभर पसरलं. आणि वेडी बाभूळ. गाजरगवत फुलायच्या आधी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. वेडी बाभूळ नुसती तोडली तर दुप्पट फुटते, ती मुळासकट खणावी लागते.

चराईनं माळाचं नुकसान होतं का?

किती आणि केव्हा, यावर आहे. चराई पूर्ण बंद केलेल्या तुकड्यात वाळलेल्या गवताचे थर साचतात, खाली उजेड जात नाही आणि आग लागली तर ती आवरत नाही. माफक चराईत गवत नव्यानं फुटतं, शेण पडतं, शेणकिडे ते जमिनीत नेतात, आणि त्या किड्यांवर पक्षी जगतात. पाऊस सुरू झाल्यावर कोंब चार बोटं असतानाच शेकडो जनावरं सोडली तर मात्र मूळच संपतं.

जुन्या लोकांनी यावर उत्तर शोधलेलं होतं. गायरानाचा एक भाग पावसाळ्यात बंद ठेवायचा, बी पडू द्यायचं आणि दसऱ्यानंतर कापायचा किंवा खुला करायचा. मधली बरीच वर्षं हे मोडलं होतं. आता ग्रामसभेत ठरवून दरसाल एक तुकडा आलटून पालटून बंद ठेवतो. दिवाळीनंतर काही वाडे कोकणाच्या वाटेला लागतात, तेव्हा माळावरचा भारही हलका होतो. धनगरांचं हे फिरणं माळाच्या सोयीचंच आहे. ज्याच्या शेतात मेंढ्या बसतात त्याला खत मिळतं, आणि माळाला दम खायला वेळ मिळतो.

गवत जाळलं की नवं चांगलं येतं, हे खरं का?

कोंब लवकर दिसतात, इतकंच खरं. पण जानेवारी ते मार्चमध्ये पेटवलेल्या माळावर चारा जातो, सरडे जातात, लाव्हरी आणि तित्तराचा आडोसा जातो, आणि उघडी राख पहिल्या वळवात ओढ्याला जाते. आमच्याकडे आता कोणी जाळत नाही. बाहेरचा कोणी बिडीचं थोटूक टाकताना दिसला तर आम्ही स्पष्ट बोलतो.

लांडगा खरंच आहे का? कुठं दिसेल?

आहे. कुठं, ते सांगणार नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी बिळाची जागा एका फोनवरून दुसऱ्या फोनवर गेली आणि रविवारी सकाळी बिळासमोर सात गाड्या उभ्या होत्या. मादीनं त्याच रात्री पिल्लं हलवली. त्यांतलं एक पिल्लू दुसऱ्या दिवशी ओढ्यात मेलेलं सापडलं. मी ते पाहिलं आहे. तेव्हापासून गावाचं नावही आम्ही लिहीत नाही.

भारतात लांडगे अंदाजे तीन हजारच उरले आहेत आणि त्यांतले बरेच अभयारण्यांबाहेर, अशाच माळांवर आणि शेतांत राहतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. हरणं कमी झाल्यामुळे आमच्या भागात त्याचं पोट मुख्यतः शेळ्या-मेंढ्यांवर चालतं. तरी मेंढके त्याच्या नावानं जेवढे चिडतात तेवढेच त्याला ओळखून असतात. एका म्हाताऱ्या मेंढक्यानं मला सांगितलं होतं, "त्यो त्याचा वाटा नेतो. पर त्यो हाय म्हनून आमी जागं ऱ्हातो."

लांडग्याला आज मोठा धोका भटक्या कुत्र्यांचा आहे. कोंबड्यांची घाण माळावर टाकली की कुत्री वाढतात, त्यांच्याकडून रोग येतात. शिवाय पुण्याच्या आसपासच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालं आहे. म्हणून पोल्ट्रीवाल्यांना कळकळीची विनंती: मेलेल्या कोंबड्या खोल खड्ड्यात पुरा.

लांडग्यानं शेळी नेली तर काय करायचं?

त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा, फोन लागला नाही तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर सांगा. मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका. फोटो काढा, पंचनामा करून घ्या, जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला घ्या. भरपाईची तरतूद आहे. वेळ लागतो, त्रास होतो, हे मान्य आहे. कागद भरायला मदत लागली तर आमच्यातलं कोणीतरी बरोबर येतं.

एक गोष्ट कधीही करू नका. मेलेल्या शेळीत विष घालू नका. लांडगा मरेलच असं नाही. तरस, खोकड, गावातली राखणीची कुत्री मरतील, आणि तो गुन्हा आहे. त्यापेक्षा रात्री वाघर, म्हणजे कळपाभोवतीची जाळी, घट्ट लावा आणि कोकरं-करडं मधोमध ठेवा.

खोकड, कोल्हा आणि तरस यांत फरक काय?

खोकड मांजरापेक्षा थोडं मोठं, सडपातळ, झुपकेदार शेपटीचं टोक काळं. उंदीर, नाकतोडे, वाळवी, बोरं खातं, शेळीच्या वाटेला जात नाही. कोल्हा त्याहून थोराड, उसात राहतो, रात्री कोल्हेकुई त्याची. तरस पुढून उंच, मागून उतरतं, अंगावर पट्टे. मेलेल्या जनावरांवर जगतं. त्याच्याविषयी भलत्या गोष्टी सांगतात, पण ते माणसाला टाळतं.

चिंकारा, काळवीट, माळढोक?

चिंकारा आमच्याकडे अधूनमधून दिसतो. हमखास पाहायचा तर सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य. काळवीट हवं असेल तर नगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य. माळढोक आमच्या गायरानावर नाही. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये त्याच्यासाठी झालं, पण तिथंही आता त्याचं दर्शन अतिशय दुर्मीळ आहे. गवताची काळजी घेतली नाही तर काय होतं याचं उत्तर तो पक्षीच आहे.

टिटवीची अंडी सापडली, उचलून सुरक्षित ठेवू का?

नका. ती सुरक्षितच आहेत, तुम्ही उभे आहात म्हणून धोक्यात आहेत. ज्या पावली आलात त्याच पावली मागं फिरा.

टिटवी आणि माळटिटवी खड्यांमध्ये नुसत्या खळग्यात अंडी घालतात, दगडाच्याच रंगाची. गेल्या मे महिन्यात मी लांबून दुर्बिणीतून एक घरटं पाहत होतो. दुपारी दोनचा सुमार. मादी अंड्यांवर बसलेली नव्हती, उभी होती, पंख थोडे पसरून सावली धरून. मग ती उडून खालच्या डबक्यावर गेली, पाण्यात बसली, पोटाची पिसं भिजवली आणि परत येऊन ओल्या पोटानं अंड्यांवर टेकली. एवढ्या वेळात नर घरट्यापाशी उभा. तासाभरात असं चार वेळा झालं. तिथं कोणी माणूस उभा राहिला असता तर एक खेप चुकली असती आणि त्या उन्हात अंडी भाजली असती.

मार्च ते जुलै गाडी पायवाटेवरून खाली उतरवू नका, हा आमचा सगळ्यात कडक नियम आहे तो यासाठी.

साप किती आहेत?

नाग, घोणस, फुरसं, धामण, सगळे आहेत. फुरसं दगडाखाली असतं, वीतभर असलं तरी विषारी, आणि अंगाचे खवले घासून करवतीसारखा आवाज करतं. पायात बूट घाला, दगड हातानं उलटू नका, अंधारात बॅटरी ठेवा. चावलाच तर कापू नका, घट्ट बांधू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा.

रानभाज्या तोडल्या तर चालतं का?

गावातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तोडतात, त्यांचा तो हक्कच आहे. पावसाळ्यात तांदुळजा, कुर्डू, पाथरी, घोळ, टाकळा. शेंडे खुडायचे, मूळ उपटायचं नाही. बाहेरून येऊन पोती भरून विकायला नेणाऱ्यांना आम्ही परत पाठवतो. न ओळखणारी भाजी आणि अळंबी खाऊ नका.

गायरानावर अतिक्रमण झालं किंवा प्रकल्प आला तर?

आधी सातबारा काढा आणि जमीन गायरान आहे की वनखात्याची ते पाहा. दोन्हींच्या वाटा वेगळ्या. सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणं काढण्यासाठी सर्व राज्यांना योजना करायला सांगितलं, आणि त्यानंतर १२ जुलै २०११ ला महाराष्ट्र शासनाचा निर्णय निघाला. दोन्हींच्या प्रती ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा. ग्रामसभेत ठराव, तहसीलदारांकडे अर्ज, पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका. भूमिहीन कुटुंबाचं घर आणि व्यापारी डल्ला या दोन गोष्टी एका तराजूत तोलू नका, हे माझं स्वतःचं मत.

पाहायला यायचं असेल तर?

स्वागत आहे, पण आधी विचारून. ज्यांना व्यवस्थित सोय हवी त्यांच्यासाठी वनखात्यानं इंदापूरमधल्या कडबनवाडीला आणि बारामतीतल्या शिर्सुफळला माळरान सफारी सुरू केली आहे, तिथं जावं. पहिल्यांदा येणाऱ्यानं ऑक्टोबर-नोव्हेंबर निवडावा. गवत उभं असतं, भोवत्या आलेले असतात, ऊन सोसतं. ड्रोन नको, पक्ष्यांचे आवाज फोनवर लावणं नको, पाठलाग नको.

शाळेच्या मुलांना एका तासात काय दाखवावं?

वाळलेल्या कुसळीचं एक बी द्या. त्याला लांब, पीळ पडलेली शेपटी असते. मुलाला ते तळहातावर ठेवायला सांगा आणि शेपटीवर पाण्याचा एक थेंब सोडा. थोड्या वेळात ती शेपटी आपोआप पीळ सोडत गोल फिरायला लागते. ओल लागली की फिरायचं, वाळली की उलट फिरायचं, असं करत करत ते बी स्वतःला मातीत पेरून घेतं. तेच टोक मेंढीच्या लोकरीत शिरतं, तेच आपल्या पायजम्यात. आमच्या शाळेत मुलं किती फेरे झाले ते मोजतात, आणि घरी जाताना प्रत्येकाच्या खिशात दोन-चार कुसळं असतात.